एका ‘क्षुद्र’ रोगाचा इतिहास

वैद्यकाच्या इतिहासांत मोठ्या रोगांना मोठी जागा मिळावी हें स्वाभाविक आहे. प्लेग, देवी, पटकी यांनीं शहरें ओस पाडलीं, सैन्यें परत फिरविलीं, राज्यें खिळखिळीं केलीं. त्यांचे इतिहास लिहिले गेले आणि ते आवडीनें वाचलेहि जातात. परंतु ज्या विकारांनीं सहसा कोणी मरत नाहीं, ज्यांची नोंद मृत्यूंच्या वहींत होत नाहीं, आणि ज्यांविषयीं माणूस आपल्या सख्ख्या भावाशींहि बोलत नाहीं, त्यांचा इतिहास लिहिण्याच्या भरीस कोणी पडत नाहीं. अशाच एका विकाराकडे आज आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. पुरुषाच्या जननेंद्रियाच्या अग्रावर जी सैल त्वचा असते ती मागें न सरणें, किंवा सरली तरी आंतील भाग इतका हळवा असणें कीं साधा स्पर्शहि सहन होऊं नये, हा तो विकार होय. पाश्चात्य वैद्यक त्यास ‘फायमोसिस’ या ग्रीक नांवानें ओळखतें. आपल्या सुश्रुतानें त्यास ‘निरुद्धप्रकश’ म्हटलें आहे.

घरांतील सर्व मंडळी जें मासिक वाचतात त्यांत हा विषय कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. ही शंका फार जुनी आहे आणि तिचें उत्तरहि तितकेंच जुनें आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीं, रोमचा बादशहा टायबीरिअस याच्या अमदानींत, सेल्सस नांवाच्या विद्वानानें लॅटिन भाषेंत वैद्यकावर आठ भागांचा ग्रंथ लिहिला. सहाव्या भागांत गुह्येंद्रियांच्या रोगांचें प्रकरण आलें तेव्हां तो क्षणभर थबकला. ग्रीकांजवळ या अवयवांसाठीं वैद्यकांत रुळलेले सभ्य शब्द आहेत, आमच्या भाषेंत मात्र जे शब्द आहेत ते शिष्टांच्या तोंडीं शोभत नाहींत, अशी त्यानें तक्रार केली. पण मग लिहावयाचें कां, याचें कारणहि त्यानें तेथेंच दिलें आहे. जे रोग माणूस दुसऱ्यास दाखवावयास सर्वांत नाखूष असतो, त्यांचे उपाय तर सर्वांस ठाऊक असलेच पाहिजेत, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे.

मराठीची अडचण याहून निराळी नाहीं. एका बाजूस संस्कृत संज्ञा आहेत, त्या समजत नाहींत. दुसऱ्या बाजूस शिव्यांतले शब्द आहेत, ते उच्चारवत नाहींत. आणि मधल्या रिकाम्या जागीं सुशिक्षित मनुष्य एखादा इंग्रजी शब्द ठेवून मोकळा होतो. ज्या गोष्टीला घरांत नांव नाहीं तिची तक्रार घरांत करतां येत नाहीं, आणि वैद्याकडे जाऊनहि ती धडपणें सांगतां येत नाहीं. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, हा विकार मुळांत लहान आहे आणि त्याचे सौम्य उपाय पुष्कळ जुने आहेत. त्यास वेळोवेळीं मोठें केलें तें दोन गोष्टींनीं, एक मौनानें व दुसरें उतावळेपणानें. इतिहासांतील चार प्रसंगांवरून हें दाखवितां येण्यासारखें आहे.

प्रथम शरीररचनेविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. इंद्रियाच्या अग्रभागास आयुर्वेदांत ‘मणि’ म्हणतात. त्यावरील त्वचेच्या दुहेरी घडीस आपण ‘अग्रचर्म’ म्हणूं. या घडीचा आंतील पदर आणि मण्याचा पृष्ठभाग हे दोन्ही ओठांच्या आंतल्या बाजूसारखे मऊ व ओलसर असतात. जन्माच्या वेळीं ते बहुधा एकमेकांस चिकटलेले असतात. नखाखालची कातडी नखास चिकटलेली असावी तसे. वय वाढतें तसतसे ते आपोआप सुटे होतात आणि चर्म मागें सरूं लागतें. ही क्रिया कोणाची तिसऱ्या वर्षीं, कोणाची दहाव्या वर्षीं, तर कोणाची सोळासतरा वर्षें उलटल्यावर पुरी होते. थोड्या पुरुषांत ती प्रौढपणींहि अपुरी राहते. कोणाचें चर्म एरवीं मागें सरतें, पण ताठरतेच्या वेळीं आवळतें. कोणाच्या बाबतींत खालच्या बाजूस असणारा दोरीसारखा बंध आंखूड असतो. कित्येकांचें पूर्वीं सैल असलेलें चर्म पुढें वारंवार होणाऱ्या दाहानें, मधुमेहानें किंवा त्वचेच्या एखाद्या रोगानें आकसत जातें. ज्यू व मुसलमान समाजांत सुंतेचा धर्मसंस्कार असल्यामुळें तेथें हा प्रश्न बहुधा उद्भवत नाहीं. त्या संस्काराचा विचार हा आमच्या लेखाचा विषय नव्हे.

आतां सुश्रुताकडे वळूं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानाचा तेरावा अध्याय ‘क्षुद्ररोगां’चा आहे. त्यांत चव्वेचाळीस लहानसहान विकार एका ओळीनें मांडले आहेत. तारुण्यांत तोंडावर येणाऱ्या पुटकुळ्या, केस गळणें, अकालीं केस पिकणें, पायाचें कुरूप, नखाचें पिकणें यांच्याच पंक्तींत अग्रचर्माचे तीन विकार बसविले आहेत. ही पंक्तिव्यवस्था आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. ग्रंथकारानें या विकारांस पापाच्या सदरांत घातलें नाहीं, कीं पौरुषाच्या सदरांतहि घातलें नाहीं. मुरुमाशेजारीं आणि कुरुपाशेजारीं त्यांस जागा दिली.

या तिहींपैकीं पहिला विकार ‘परिवर्तिका’. चोळण्यानें, दाबानें किंवा आघातानें चर्म उलटून मण्याच्या मागें अडकतें व तेथें गांठीसारखें सुजून लोंबतें, असें त्याचें लक्षण दिलें आहे. दुसरा ‘अवपाटिका’. चर्माचें तोंड अरुंद असतां बळेंच तें मागें ओढल्यानें किंवा अननुरूप संभोगानें तें फाटतें, तो हा विकार. तिसरा ‘निरुद्धप्रकश’. चर्म मण्यावर घट्ट बसतें, मणि उघडा होत नाहीं, मूत्राची धार मंद पडते, परंतु वेदना मात्र नसते. या तीन वर्णनांचा परस्परसंबंध ध्यानांत घेतला म्हणजे प्राचीन वैद्याच्या निरीक्षणाची सूक्ष्मता पटते. अरुंद चर्म हें एक दुखणें. तें घाईनें ओढलें तर फाटतें. आणि ओढून मागें नेलें व परत आणलें नाहीं तर अडकतें. म्हणजे तिहींपैकीं दोन विकार पुष्कळदां माणसाच्या उतावळेपणानेंच ओढवतात.

चिकित्सास्थानाच्या विसाव्या अध्यायांत यांवरील उपाय सांगितले आहेत. निरुद्धप्रकशावर दोन्ही बाजूंनीं तोंड असलेली लोखंडाची, लांकडाची किंवा लाखेची नळी तूप माखून चर्माच्या मुखांत घालावी, वातनाशक औषधांनीं सिद्ध केलेल्या तेलानें सिंचन करावें, आणि दर तीन दिवसांनीं पूर्वींपेक्षां थोडी जाड नळी वापरून तें द्वार क्रमाक्रमानें वाढवावें, असा त्या उपचाराचा सारांश आहे. तेवढ्यानें न भागल्यास शस्त्र चालवावें. परंतु खालची शिवण, म्हणजे ‘सेवनी’, वगळून चालवावें आणि पुढें ताज्या जखमेप्रमाणें उपचार करावा. अडकलेल्या चर्मावरहि तूप लावणें, शेक देणें, तीन किंवा पांच रात्रीं पोटीस बांधणें, मग पुन्हां स्निग्ध करून मणि हलकेच दाबीत चर्म हळू हळू पुढें आणणें, असा क्रम दिला आहे. आजच्या वैद्यकांत या अडकण्यास तांतडीचें दुखणें मानतात. अडकलेल्या चर्माखालीं रक्ताभिसरण कोंडतें, यासाठीं आज कोणीहि पांच रात्रीं थांबूं नये. तास मोजावे आणि रुग्णालय गांठावें. तो भेद मान्य करूनहि उपायांचा एकंदर क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे: प्रथम स्निग्धता, मग क्रमानें ताण, शस्त्र सर्वांच्या शेवटीं, आणि तेंहि मर्म राखून. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं संपादिलेली ही संहिता डल्हणाच्या टीकेसह प्रसिद्ध केली. तेव्हांपासून हे अध्याय संस्कृत जाणणाऱ्या कोणाहि मराठी वाचकाच्या हाताशीं आहेत. ते वाचले मात्र थोड्यांनीं.

पश्चिमेकडील प्राचीनांची दृष्टि पाहण्यासाठीं पुन्हां सेल्ससकडे जाऊं. ग्रीक व्यायामशाळांत पुरुष नग्न वावरत, पण मणि उघडा दिसणें तेथें असभ्य मानीत. चर्माचें टोंक बारीक वादीनें बांधून घेतलेले मल्ल ग्रीक भांड्यांवरील चित्रांत दिसतात. रोमन लोकांनींहि ही अभिरुचि बरीचशी उचलली. यामुळें सेल्ससच्या सातव्या भागांत एक मौजेचें प्रकरण आढळतें. त्यांत प्रथम, ज्याचा मणि उघडा आहे त्याला शोभेसाठीं तो झांकून घेण्याची शस्त्रक्रिया दिली आहे. आणि लगेच पुढें, ज्याचा मणि उघडतच नाहीं त्याच्या चर्मास खालच्या बाजूनें सरळ छेद देण्याची रीत सांगितली आहे. एकास झांकावयाचें, दुसऱ्यास उघडावयाचें! यावरून दिसून येईल कीं या अवयवाचें ‘योग्य’ रूप कोणतें हें पुष्कळदां शरीर ठरवीत नसून चाल ठरविते. तरी साध्या सुजेवर शस्त्र न उचलतां कोमट पाण्यानें शेकावें, आणि कानांत पाणी घालावयाच्या पिचकारीनें चर्म व मणि यांच्या मध्यें कोमट पाणी सोडावें, असेंच त्यानें सांगितलें आहे. सुश्रुताचें तूप आणि सेल्ससचें कोमट पाणी यांचें गोत्र एकच.

मौनानें हा विषय किती विक्राळ रूप धारण करतो याचें उदाहरण मात्र शोधावयास अठराव्या शतकांतील फ्रान्सच्या राजवाड्यांत जावें लागतें. १६ मे १७७० रोजीं व्हर्सायच्या राजवाड्यांत युवराज लुई आणि ऑस्ट्रियाची राजकन्या मारी आंत्वानेत यांचा विवाह झाला. वर पंधरा वर्षांचा होता, वधू चौदा वर्षांची. पुढें सात वर्षें हा विवाह नांवापुरताच राहिला. १७७४ मध्यें लुई गादीवर आला आणि सोळावा लुई झाला. तेव्हांपासून तर त्याची शय्या ही यूरोपच्या राजकारणाची बाब बनली. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत स्पेनच्या वकिलानें आपल्या सरकारास पाठविलेल्या खलित्यांत राजाच्या अग्रचर्माविषयीं दोन परस्परविरुद्ध वदंता नोंदविल्या आहेत. कोणी म्हणे बंध आंखूड असल्यामुळें वेदना होतात, कोणी म्हणे चर्मच जाड आहे. विएन्नास बसलेली सम्राज्ञी मारिया थेरेसा मुलीकडून पत्रोपत्रीं खबर मागवी. राजवैद्य लासोन यांनीं तपासलें. १७७६ च्या जानेवारींत पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयाचे शल्यवैद्य मोरो यांनीं तपासलें. शस्त्रक्रियेची जरुरी नाहीं असाच त्यांचा अभिप्राय पडला. पॅरिसच्या गल्ल्यांतून मात्र राजाराणीवर टवाळीचीं गाणीं व चोपडीं फिरूं लागलीं होतीं.

कोंडी फुटली ती शस्त्रानें नव्हे. १७७७ च्या वसंतांत राणीचा वडील भाऊ सम्राट जोसेफ दुसरा टोपण नांवानें पॅरिसास आला आणि मेहुण्याशीं मोकळेपणें बोलला. आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत त्यानें या जोडप्याच्या अडचणीचें अगदीं उघड शब्दांत वर्णन केलें आहे. त्याच्या मतें दोष शरीराचा नव्हता, अज्ञानाचा आणि आळसाचा होता. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत विवाह पूर्णत्वास गेला आणि १९ डिसेंबर १७७८ रोजीं पहिली कन्या जन्मली. पुढें १९३२ मध्यें स्टेफान झ्वाइग यांच्या राणीच्या चरित्रानें राजास फायमोसिस होता व त्याजवर शस्त्रक्रिया झाली ही कथा घरोघरीं पोंचविली. परंतु राजा आपल्या शिकारीची रोजनिशी नेमानें ठेवी, आणि शस्त्रक्रियेनंतर घोड्यावरून जी सक्तीची विश्रांति घ्यावी लागावी तिचा खंड तींत मिळत नाहीं. म्हणून पुष्कळ अलीकडील इतिहासकार ती कथा मानीत नाहींत. राजास हा विकार थोडासा होता कीं मुळींच नव्हता, याचा निकाल कांहींहि लागो. ज्याच्याविषयीं चार देशांचे दरबार कुजबुजत होते त्याच्याशीं मोकळेपणें बोलणें सात वर्षें लांबलें असें दिसतें. एका वडीलधाऱ्याचें स्पष्ट संभाषण जें साधून गेलें तें खलित्यांनीं साधलें नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत मौनाची जागा उतावळेपणानें घेतली. १८५५ मध्यें लंडनचे जॉनथन हचिन्सन यांनीं ज्यू रोग्यांत उपदंशाचें प्रमाण कमी दिसतें असें आंकडे देऊन मांडलें आणि त्याचें श्रेय सुंतेस दिलें. १८७० मध्यें न्यूयॉर्कचे अस्थिशल्यज्ञ लुइस सेयर यांच्याकडे पाय सरळ न होणारा पांच वर्षांचा एक मुलगा आला. त्यांनीं रोगाचें मूळ अग्रचर्माच्या आवळण्यांत आहे असें ठरविलें, तें कापलें, आणि मुलगा सुधारला. एका मुलाच्या सुधारण्यावरून केवढी इमारत उभी राहिली! जननेंद्रियाच्या क्षोभानें मज्जातंतू बिघडतात असा सिद्धांत निघाला आणि अपस्मारापासून अंतर्गळापर्यंत नाना रोगांवर एकच छेद सांगितला जाऊं लागला. हस्तमैथुनाच्या भयानें त्यांत भर घातली. ज्याला सुश्रुतानें मुरुमाशेजारीं बसविलें होतें त्याला या काळानें सर्व रोगांचा जनक ठरविलें. इंग्लंड-अमेरिकेंतील वरच्या व मध्यम वर्गांत लहान मुलांचें चर्म कापणें ही साधारण रीत झाली. आणि जेथें कापीत नसत तेथें तान्ह्या मुलाचें चिकटलेलें चर्म बळेंच मागें सारण्याचा उपदेश आयांस व दायांस होऊं लागला. ‘अवपाटिके’चें कारण आतां उपाय म्हणून शिकविलें जात होतें.

या उतावळेपणास आवर घातला तो मोजदादीनें. डिसेंबर १९४९ मध्यें केंब्रिजचे बालरोगतज्ज्ञ डग्लस गेर्डनर यांचा अग्रचर्माविषयींचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलांत प्रसिद्ध झाला. त्यांनीं शंभर नवजात अर्भकें व पांच वर्षांपर्यंतचीं सुमारें दोनशें मुलें तपासलीं. जन्मतः ज्यांचें चर्म पूर्ण मागें सरतें अशीं अर्भकें शेंकडा चारच निघालीं. म्हणजे ज्याला रोग समजून कापीत होते ती निसर्गाची नेहमींची स्थिति होती. शिवाय या ‘किरकोळ’ शस्त्रक्रियेच्या पायीं इंग्लंड व वेल्समध्यें दरवर्षीं सुमारें सोळा बालकें दगावतात, हेंहि त्यांनीं नमूद केलें. त्यानंतर त्या देशांत ही चाल झपाट्यानें मागें पडली. १९६८ मध्यें डेन्मार्कचे याकोब अस्टर यांनीं शाळकरी मुलांच्या अनेक वर्षांच्या तपासणीचे आंकडे प्रसिद्ध केले. सहा-सात वर्षांच्या मुलांत शेंकडा आठांचें चर्म अरुंद होतें. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत शेंकडा एकाचें. चिकटलेपणा पहिल्या वयांत शेंकडा त्रेसष्टांत होता, दुसऱ्यांत शेंकडा तिघांत. मधल्या दहा वर्षांत कोणी कांहीं केलें नव्हतें; काळानेंच चिकित्सा केली होती.

उरलेल्या थोड्यांसाठींहि सौम्य उपाय सांपडला. १९९३ च्या सुमारास निरनिराळ्या देशांतील वैद्यांनीं स्टेरॉइड जातीचें मलम अरुंद भागावर लावून पाहिल्याचे वृत्तांत प्रसिद्ध केले. दिवसांतून एकदोन वेळां, चार ते आठ आठवडे मलम लावणें आणि त्याबरोबर वेदना न होतील इतपत चर्म हलकेच ताणीत राहणें, असा हा क्रम आहे, आणि बहुसंख्य रोग्यांस त्यानें गुण येतो. सुश्रुतास सर्व ठाऊकच होतें असें म्हणून टाळी घेण्याचा मोह अशा वेळीं होतो. तो आवरला पाहिजे. त्याला या मलमाचें रसायन ठाऊक नव्हतें. परंतु त्वचा स्निग्ध करावी, क्रमाक्रमानें ताणावी, आणि शस्त्र शेवटीं काढावें, हा विवेक त्याच्यापाशीं होता, आणि मधल्या एका शतकानें तो सोडून दिला होता, इतकें म्हणावयास प्रत्यवाय नाहीं.

चर्म मागें सरूं लागलें म्हणजे दुसरीच अडचण पुढें येते, आणि तिच्याविषयीं जुने ग्रंथ फारसे बोलत नाहींत. जन्मापासून झांकलेला मणि प्रथमच उघडा पडला कीं वस्त्राचा स्पर्श, पाण्याची धार, सर्व कांहीं झोंबतें. कित्येक तरुण यामुळें घाबरतात आणि आपल्या शरीरांत कांहीं वैगुण्य आहे असें समजून बसतात. या संवेदनेचा अभ्यास एका विलक्षण प्रयोगांत घडून आला. १९०३ मध्यें लंडनचे मज्जाशास्त्रज्ञ हेन्री हेड यांनीं स्वतःच्या हाताचे ज्ञानतंतू शस्त्रक्रियेनें तोडवून घेतले, आणि संवेदना कशी परत येते हें केंब्रिजच्या रिव्हर्स यांनीं पुढें कित्येक वर्षें पडताळून पाहिलें. १९०८ मध्यें त्यांनीं जो अहवाल प्रसिद्ध केला त्यांत तुलनेसाठीं मण्याच्या संवेदनेचीहि नोंद आहे. हलक्या स्पर्शाचें नेमकें ज्ञान या भागास थोडें असतें. उलट जें जाणवतें तें पसरट, तीव्र आणि पुष्कळदां वेदनेच्या जातीचें असतें, असें त्यांस आढळलें. त्यावरून त्यांनीं संवेदनेच्या दोन जातींचा जो सिद्धांत बांधला तो पुढें टिकला नाहीं. परंतु निरीक्षणाचें मोल त्यानें कमी होत नाहीं. बोटाच्या टोंकास जो स्पर्श नुसता ‘स्पर्श’ म्हणून कळतो तो येथें झोंबण्यासारखा कळतो, आणि हा त्या जागेचा धर्मच आहे, रोग नव्हे.

हा हळवेपणा संवयीनें निवळतो. स्नानाच्या वेळीं कोमट पाण्यांत, दुखणार नाहीं इतकेंच चर्म मागें घ्यावें. नुसत्या पाण्यानें धुवावें, उग्र साबण लावूं नये. कोरड्या बोटानें किंवा फडक्यानें घांसूं नये. आणि काम होतांच चर्म पुढें आणून ठेवण्यास विसरूं नये. असें रोज केल्यास बहुतेकांस कांहीं आठवड्यांत फरक दिसतो. झोंबणें कमी होतें. संवेदना नाहींशी होत नाहीं, आणि व्हावयासहि नको. मात्र चर्मावर पांढुरके, घट्ट वण दिसूं लागले, वारंवार भेगा पडूं लागल्या, लघवीस अडथळा होऊं लागला, किंवा चाळिशी उलटल्यावर पूर्वीं सैल असलेलें चर्म आवळूं लागलें, तर घरगुती उपायांत वेळ दवडूं नये. वैद्यास दाखवावें आणि रक्तांतील साखरहि तपासून घ्यावी. मधुमेहाची पहिली वर्दी कधीं कधीं येथूनच मिळते. शस्त्रक्रियेची गरज कांहींस पडतेच, आणि योग्य वेळीं केलेल्या शस्त्रक्रियेस आमचा विरोध नाहीं. विरोध आहे तो घाईस.

राहतां राहिलें मौन. मराठींत हें मौन मोडण्याचा नेटाचा प्रयत्न रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं केला. जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें आणि वाचकांच्या खासगी प्रश्नांस छापील उत्तरें दिलीं. त्यांजवर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यांची बाजू मांडली, तरी दंड झालाच. कर्व्यांचीं सर्वच मतें वाचकांनीं पतकरावीं असा आमचा आग्रह नाहीं. परंतु ज्यांनीं तीं पत्रें पाठविलीं त्यांस घरांत, शाळेंत किंवा वैद्याकडे विचारावयास जागा नव्हती, म्हणून त्यांनीं एका मासिकाचा पत्ता धरला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

तीस वर्षें महाविद्यालयांत शिकवीत असतां आम्हीं पाहिलें आहे तें असें कीं, आमचे विद्यार्थी व्हर्सायचा सर्व राजकीय इतिहास सनावळीसह सांगूं शकतात, पण स्वतःच्या शरीराविषयीं त्यांस कोणी चार शब्द सांगितलेले नसतात. लग्न ठरतें, पत्रिका जुळतात, देण्याघेण्याच्या याद्या होतात. आणि विवाहानंतर जी अडचण उभी राहते तिचा दोष कधीं पौरुषास, कधीं पत्नीस, कधीं ग्रहांस दिला जातो. ज्या घरांत मुलाच्या दातांची आणि डोळ्यांची तपासणी वेळेवर होते, त्या घरांत बापानें वयांत आलेल्या मुलास एवढें सांगावयास हरकत कोणती कीं, ही त्वचा आपल्या वेळेनें मागें सरते, तिच्याशीं बळजोरी करूं नये, ती रोज धुवावी, आणि दुखत असेल तर लाजूं नये? हें सांगावयास पांच मिनिटें पुरतात. तीं न सांगितल्यामुळें काय होतें तें एका राजघराण्याच्या सात वर्षांनीं दाखविलें, आणि घाई केल्यानें काय होतें तें एका संबंध शतकानें दाखविलें. सुश्रुतानें हा रोग क्षुद्र म्हणून लिहून ठेवला होता. तो क्षुद्रच राहील अशी व्यवस्था करणें आपल्या हातीं आहे.